हातावरचे पोट आणि बोटांची टक्केवारी

'हातावर पोट असलेला माणूस' हे शब्द मराठीत इतके रुळले आहेत की त्यातला हात आता कोणाला दिसत नाही, फक्त गरिबी दिसते. आपल्या भेस्तान परिसरात मात्र हे शब्द अक्षरशः खरे आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची आपली माणसे ताप्तीकाठच्या रेल्वेने उधन्याला उतरली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा, भेस्तान, सचिन या पट्ट्यात स्थिरावली. आज आपल्यापैकी अनेकांची मुले बँकेत, शाळेत, संगणकासमोर बसतात. पण घरातल्या एका तरी आजोबांनी किंवा काकांनी लूमच्या खात्यात धोट्याचा आवाज ऐकत आयुष्य काढलेले असते. त्यांच्या हाताकडे नीट पाहिले तर एखादे पेर तरी कमी किंवा वाकडे असते, आणि विचारले तर "काही नाही, जुनं आहे" एवढेच उत्तर मिळते.

या 'जुन्या'चा इतिहास शोधण्याचा हा प्रयत्न आहे. कोपर, मनगट आणि पंजा यांना काय काय होते, ते ओळखायला माणसाने कसे शिकून घेतले, आणि तुटलेल्या बोटाची किंमत कोणी, कधी ठरवली, एवढ्यापुरताच तो मर्यादित आहे. आम्ही वैद्य नाही. सरकारी नोकरीत कागद वाचायची सवय लागते, त्या सवयीने जे वाचले ते मांडत आहोत.

सुरुवात सुश्रुतापासून करावी लागते, आणि ती केवळ अभिमानापोटी नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांचे १२ आणि निखळलेल्या सांध्यांचे ६ प्रकार सांगितले आहेत. ही विभागणी नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी चाचपून केलेली आहे. हाताने दाबल्यावर आवाज येतो का, सांधा कोणत्या दिशेने सरकला आहे, हालचाल कुठे अडते, अशी ती तपासणी. उपचारात बांबूच्या किंवा वड, उंबर, पिंपळ, पळस अशा झाडांच्या सालीच्या पट्ट्या बांधायच्या. पट्टी थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी आणि मधल्या ऋतूत पाच दिवसांनी बदलायची. पट्टी सैल राहिली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळली तर सूज, वेदना आणि कातडी पिकणे हे होते, असा इशाराही तिथे आहे.

आम्हाला सर्वात आवडली ती तळहाताच्या मोडीनंतरची सूचना. हाड जुळून आले की रोग्याच्या हातात आधी शेणाचा गोळा द्यायचा, मग मातीचा, आणि हातात जोर आल्यावर दगड. आज फिजिओथेरपीच्या खोलीत आधी स्पंजचा, मग रबराचा आणि पुढे कडक चेंडू दाबायला देतात, त्यात आणि यात तत्त्वाचा फरक काहीच नाही. हाड जुळले म्हणजे हात बरा झाला असे नव्हे, पकड परत यायला हवी, हे त्या माणसांना कळले होते.

ही विद्या पुढे हाडवैद्यांच्या घराण्यांत आणि आखाड्यांत टिकली. तालमीत खांदा-मनगट उतरले की वस्तादच ते बसवायचे. या लोकांना सरसकट नावे ठेवणे आम्हाला पटत नाही, कारण गावात दुसरे कोणी नव्हतेच आणि पुष्कळांचे हात त्यांनी खरोखर जागेवर आणले. पण सुश्रुताचा तो इशारा अनेकांच्या विस्मरणात गेला. लहान मुलाच्या कोपराजवळचे हाड मोडले आणि वरून बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या, की रक्तपुरवठा तुटतो, पुढच्या हाताचे स्नायू आतल्या आत मरतात आणि बोटे कायमची आत वळून पंजा पक्ष्याच्या नखीसारखा होतो. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ साली याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांचेच नाव या विकाराला मिळाले. मूल बोटे सरळ करू देत नाही, दुसऱ्याने केली तर किंचाळते, बोटे थंड आणि फिकी पडतात, ही त्याची पहिली चिन्हे. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. तत्काळ पट्टी सोडून मूल इस्पितळात न्यायचे असते. उत्तरायणात गच्चीवरून पडलेली मुले आपल्याकडे दरवर्षी असतात, म्हणून हे जरा लांबवून सांगितले.

आता पुण्याकडे वळू. १७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या कैदेत सापडला. नाव पारशी वाटते, पण वृत्तांतात तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे लिहिले आहे. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. कंपनीच्या दोन डॉक्टरांनी ते पाहिले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात कावसजीचे नाक जाऊन बसले.

त्याच्या हाताचे काय झाले, हे मात्र कोणी विचारत नाही. नाकाने अब्रू परत आली, पण बैल हाकायला हात लागतो. नाक कातडीचे होते, करता आले. हाड, नसा, स्नायूंचे दोर आणि स्पर्श एकत्र असलेला पंजा बनवण्याची विद्या तेव्हा जगात कोणाकडेच नव्हती, आणि पूर्ण अर्थाने ती आजही नाही. त्याच पुण्यात दीडशे वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले आणि आजही ते चालू आहे. कावसजीला ते फार उशिरा मिळाले, एवढेच म्हणता येईल.

ज्या १८१४ साली कार्प्यूंनी नाक केले, त्याच वर्षी डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी मनगटाजवळच्या मोडीवर आपला प्रसिद्ध लेख छापला. क्ष-किरण यायला तेव्हा ८१ वर्षे बाकी होती. हाताचा तळवा टेकून माणूस पडला की मनगटाच्या वर इंचभरावर हाड मोडते आणि हात जेवणाच्या काट्यासारखा दिसतो. आपल्या घरात काटे नसत, नाहीतर आपल्याकडे याला नक्की पळीचे नाव मिळाले असते. लोक त्याला सांधा निखळला असे समजत. हे निखळणे नसून मोड आहे, हे कॉलिस यांनी ओळखले. बाथरूममध्ये घसरलेल्या आजींचे मनगट हे त्याचे आजचे सर्वात नेहमीचे उदाहरण. पन्नाशीपुढच्या बाईचे मनगट किरकोळ पडण्याने मोडले तर हाडे ठिसूळ झाली आहेत का, हेही तपासून घ्यावे. प्लास्टर निघाले की विषय संपला, असे समजण्यात खरा घोटाळा होतो.

८ नोव्हेंबर १८९५ ला राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. माणसाच्या शरीराचे पहिले प्रसिद्ध क्ष-किरण चित्र हाताचे आहे आणि त्यात बोटातली अंगठी स्पष्ट दिसते. तेव्हापासून लोकांचा समज झाला की फोटोत दिसले तरच मोडले. हा समज मनगटाच्या बाबतीत महागात पडतो. अंगठा वर ताणून धरा. मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्यांमध्ये एक खड्डा दिसेल. युरोपात त्यात तपकीर ठेवून ओढत, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला तपकिरीची डबी म्हणतात. आपल्या आजोबांची डबी पितळी असायची, ही फुकटची. हातावर पडल्यानंतर या खड्ड्यात दाबून दुखले तर तळाशी असलेले स्कॅफॉइड नावाचे नावेच्या आकाराचे छोटे हाड मोडलेले असू शकते, आणि पहिल्या फोटोत ते पुष्कळदा दिसतच नाही. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो, किंवा एमआरआय. दुर्लक्ष केले तर त्या हाडाचा एक तुकडा रक्ताअभावी मरतो आणि ऐन कमावत्या वयात मनगट झिजते. "फोटो नॉर्मल आहे, मलम लावा" या वाक्याने किती मनगटे वाया गेली असतील, कोण जाणे.

कोपराची अशीच एक सुंदर जुनी तपासणी आहे. कोपर काटकोनात वाकवा. दोन्ही बाजूंची दोन टोकदार हाडे आणि मागचे कोपराचे टोक, या तिघांचा त्रिकोण होतो. हात सरळ केला की तिन्ही एका रेषेत येतात. कोपर निखळले तर हा त्रिकोण बिघडतो. त्याच्या वरचे हाड मोडले तर त्रिकोण शाबूत राहतो. विजेशिवाय, पैशांशिवाय, दोन बोटे आणि एक अंगठा एवढ्यावर हे निदान होते.

कोपराच्या दुखण्याचे एक नाव मात्र आपल्याकडे घराघरात पोहोचले ते क्रिकेटमुळे. २००४ च्या ऑगस्टमध्ये सचिन तेंडुलकर 'टेनिस एल्बो'मुळे संघाबाहेर गेले आणि अवघ्या महाराष्ट्राने कोपर या अवयवाचा अभ्यास सुरू केला. (आपल्या शेजारच्या सचिन स्टेशनाचा याच्याशी संबंध नाही.) मे २००५ मध्ये लंडनला डाव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून ते परतले. हा विकार टेनिसपेक्षा कितीतरी अधिक स्क्रू पिळणाऱ्या फिटरला, रंग देणाऱ्याला आणि रोज कपडे पिळणाऱ्या गृहिणीला होतो. हात सरळ ठेवून मूठ वळायची आणि दुसऱ्याने खाली दाबत असताना मनगट वर उचलायचे. कोपराच्या बाहेरच्या टोकावर कळ आली की ओळखावे. फरक एवढाच की तेंडुलकरांना विश्रांती मिळाली. लूमवरच्या कारीगराला दर मीटरचा दर मिळतो, तिथे विश्रांती म्हणजे पगार कापला जाणे.

रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होणे, हात झटकल्यावर बरे वाटणे, हेही आपल्याकडे फार. त्याची तपासणी तर उलटा नमस्कारच आहे. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटे खाली करायची आणि मिनिटभर थांबायचे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या आल्या तर मनगटातल्या बोगद्यात नस दबत असल्याचा संशय घ्यावा. अमेरिकेच्या जॉर्ज फॅलन यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपण यांतही असे होते, त्यामुळे सगळा दोष मोबाइलवर टाकू नये.

इथवरचा इतिहास डॉक्टरांचा. आता मालक, मजूर आणि सरकार यांचा सुरू होतो, आणि तिथे आपला एक मराठी माणूस उभा आहे.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीत बंदी झाली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याचे कलम आले. पण हात तुटल्यावर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक आहे. १८९० साली ती मान्य झाली आणि आजही आपण तिचे सुख भोगतो. दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी, कामाचे तास आणि वेळेवर पगार याही मागण्या होत्या. पण शेवटची मागणी क्वचितच कोणी सांगतो. गिरणीत काम करताना दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची तजवीज करावी, अशी ती होती. रविवार सहा वर्षांत मिळाला. हाताला मात्र चाळीस वर्षे लागली. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले होते.

या कायद्याला जोडलेली यादी आम्हाला एक विलक्षण दस्तऐवज वाटते. माणसाचा हात तिथे टक्क्यांत मोजला आहे. १९२३ च्या मूळ यादीत अंगठ्याला २५, तर्जनीला १० आणि इतर कोणत्याही बोटाला ५ टक्के होते. उजवा हात डाव्यापेक्षा महाग होता. पुढे यादी बदलली. आता पूर्ण अंगठ्याला ३०, तर्जनीला १४, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७. हाड न जाता तर्जनीचे नुसते टोक उडाले तर ५. एका हाताची चार बोटे गेली तर ५० आणि पूर्ण पंजा गेला तर ६०. बोटांत उजवे-डावे हा भेद आता नाही. अंगठा एकटा दोन बोटांहून भारी आहे, कारण त्याच्याशिवाय चिमूट नाही आणि पकडही नाही. द्रोणाचार्यांना हे कायद्याच्या कितीतरी आधी कळले होते.

टक्क्यांचे रुपये कसे होतात, तेही पाहू. जानेवारी २०२० पासून या हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा दरमहा १५,००० धरली गेली. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. तीस वर्षांच्या कामगारासाठी कायद्यातला गुणक २०७.९८. गुणाकार झाला १८,७१,८२०. त्याचे ३० टक्के, म्हणजे अंगठ्याचे ५,६१,५४६ रुपये. करंगळीचे १,३१,०२७. जिथे ईएसआय लागू आहे तिथे एकरकमी भरपाईऐवजी त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक लाभ मिळतो आणि उपचाराच्या काळात पगाराच्या ९० टक्के. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे सगळे कायदे एकत्र आले, तरी टक्केवारीची ही पद्धत तीच आहे.

आणि इथे डॉक्टरांचा इतिहास कामगारांच्या इतिहासाला येऊन मिळतो. यादी तुटलेल्या बोटाची आहे. पण जागेवर असूनही न वाकणारे बोट, स्पर्श हरवलेला अंगठा, अर्धवट वळणारे मनगट, सरळ न होणारे कोपर, यांचा त्यात आकडा नाही. स्टेंटर किंवा कॅलेंडरच्या रोलरमध्ये हात ओढला गेला की बहुतेकदा असेच होते. हाड शाबूत राहते आणि हात जातो. अशा वेळी किती टक्के हे तपासणारा डॉक्टर किंवा वैद्यकीय मंडळ ठरवते. बोटाचे मधले पेर धरून फक्त टोक वाकते का, मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढते का, कागदाची चिमूट पकडता येते का, डोळे मिटून दोन टाचण्या दोन आहेत हे कळते का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे दिली आणि कागदावर उतरवली तर कारीगराच्या हातात काही पडते. "बोटे पाचही आहेत" एवढे लिहिले तर काहीच पडत नाही. असे एका ओळीचे दाखले आम्ही पाहिले आहेत.

मालकाच्या बाजूनेही एक कलम आहे, ते आपल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. कामगाराने सुरक्षेची जाळी किंवा गार्ड जाणूनबुजून काढला असेल, किंवा तो नशेत असेल, तर मृत्यू किंवा संपूर्ण कायमचे अपंगत्व सोडून इतर दुखापतींत भरपाई नाकारता येते. अंगठा जाणे हे 'अंशतः' अपंगत्व आहे, म्हणजे ते या कलमात सापडते. खात्यात गार्ड कोण काढतो? उत्पादन वाढावे म्हणून तो निघतो, सर्वांना माहीत असते, आणि अपघात झाल्यावर तो कारीगरानेच काढलेला असतो. सैल बाही, गळ्यातला रुमाल आणि बोटातली अंगठी यांनीही बरेच हात ओढून नेले आहेत. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो, आणि अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. इस्पितळाच्या पहिल्या कागदावर 'घरी पडला' असे लिहिले गेले की पुढे फार जड जाते.

राहिला प्रश्न तुटलेले बोट परत जोडण्याचा. १९६२ साली बोस्टनमध्ये रोनाल्ड माल्ट यांच्या पथकाने बारा वर्षांच्या मुलाचा पूर्ण तुटलेला हात जोडला. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी मोडलेली हाडे बाहेरून सळ्यांनी धरून ठेवणारी हलकी रचना तयार केली. ती 'जेस' या नावाने ओळखली जाते, तिच्यातला पहिला 'जे' जोशींचा. हातासाठी निघालेली ती रचना पुढे लहान मुलांचे वाकडे पाय सरळ करायलाही वापरली गेली.

बोट तुटलेच तर ते फेकू नये आणि बर्फातही टाकू नये, थेट बर्फाने ते गोठून निकामी होते. स्वच्छ, किंचित ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. जखमेवर हळद, चुना, ग्रीस काही लावू नये. स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरावा. बाकीच्या बोटांतल्या अंगठ्या सूज येण्याआधी काढाव्यात. निघायच्या आधी जिथे प्लास्टिक सर्जन आहे अशा इस्पितळाला फोन करावा आणि शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचावे. पिशवी रोग्याबरोबर त्याच गाडीत न्यावी.